'अभाव'ला इंग्रजीत नेमका कुठला शब्द? (पाण्याचा अर्ज अडलाय)

खाजन
गोव्यातल्या आमच्या वाड्याच्या (वस्तीच्या) पाण्याचा अर्ज मराठीत तयार आहे. त्याची इंग्रजी प्रतही जोडायची आहे, कारण जलवाहिनीचा आराखडा करणारे सल्लागार परराज्यातले आहेत. मराठी मसुद्यात 'अभाव' हा शब्द पाच ठिकाणी पडलाय:

१. संध्याकाळच्या पाण्याचा अभाव (४ मेपासून संध्याकाळी नळ कोरडे)
२. टँकरचा अभाव (दिवसाला १०,००० लिटरचा एकच येतो. घरं ६०, माणसं साधारण ३००)
३. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाचा अभाव (आधीचा निवृत्त, जागा भरलेली नाही)
४. सार्वजनिक विहिरीचा अभाव (वाड्यात कधीच नव्हती)
५. नियोजनाचा अभाव

शब्दकोश लॅक, ॲबसेन्स, शॉर्टेज, स्कॅर्सिटी, डर्थ, वॉन्ट, डेफिशिअन्सी अशी अख्खी माळच हातात देतो. पाचही ठिकाणी 'लॅक ऑफ' ठोकून दिलं तर चालेल का?

घुमट
शब्द ठरेपर्यंत पाऊस येईल. मग 'एक्सेस'ला शब्द शोधायचा धागा काढा.

आमसूल
चालेल, पण पाचही वाक्यं सारखीच पुळचट होतील. खरी गोम मराठीत आहे. आपला 'अभाव' शून्यालाही चालतो आणि कमीलाही. इंग्रजीत त्या दोन वेगळ्या वाटा आहेत. म्हणून आधी विचारायचं: वस्तू मुळीच नाही, की आहे पण पुरत नाही? त्यानंतर: ती असायला हवी होती का?

'ॲबसेन्स' म्हणजे नुसतं नसणं. त्यात तक्रार नाही. रक्तात जंतूंचा 'ॲबसेन्स' ही तर आनंदाची बातमी. 'लॅक' म्हटलं की हवं होतं आणि नाही, किंवा पुरेसं नाही; उणीव दाखवायचा शब्द. त्यामुळे तो नियोजन, अनुभव, देखरेख, इच्छा अशा अमूर्त गोष्टींना छान बसतो. 'शॉर्टेज' मोजता येणाऱ्या वस्तूंचा आणि बहुधा तात्पुरता: टँकर, सिलिंडर, सुटे पैसे. 'स्कॅर्सिटी' म्हणजे मुळात उपलब्धताच तोकडी, आणि तीही बऱ्याच मोठ्या मुलखात किंवा बऱ्याच काळासाठी.

व्याकरणात हमखास चुकतं ते असं. 'लॅक' क्रियापद असेल तर पुढे 'ऑफ' नको: 'द वॉर्ड लॅक्स अ पब्लिक वेल'. नाम असेल तरच 'ऑफ': 'लॅक ऑफ प्लॅनिंग'. आणि 'लॅकिंग'पुढे 'इन': 'लॅकिंग इन डिटेल'. 'वी आर लॅकिंग ऑफ वॉटर' असं अर्जात गेलं तर पाणी राहील बाजूला, सल्लागार इंग्रजीच तपासत बसतील.

पाटपाणी
स्कॅर्सिटीला का हाकलताय? पलीकडे महाराष्ट्रात 'टंचाईग्रस्त गाव' हा सरकारी शब्द आहे आणि त्याचं इंग्रजी स्कॅर्सिटीच करतात. अर्जात वजन येतं.

आमसूल
वजन येतं, पण उलटंही फिरतं. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तुम्ही स्कॅर्सिटी लिहिलीत की समोरचा पावसाचा तक्ता काढून दाखवणार आणि दोष निसर्गाच्या माथी मारणार. इथे धरणात पाणी आहे, शुद्धीकरण केंद्रात आहे, सकाळी नळालाही येतं. फक्त संध्याकाळी येत नाही. हा पुरवठ्यातला खंड आहे, टंचाई नव्हे. तुमच्या मुद्द्यात एवढं खरं की मराठीत शॉर्टेज आणि स्कॅर्सिटी दोन्हींना 'टंचाई' म्हणून खपून जातं. मराठी वाचणाऱ्याला संदर्भावरून कळतंच.

पाटपाणी
हे पटलं. मग त्याच धाग्याला धरून 'डेफिशिअंट'चं सांगतो. पावसाच्या बाबतीत तो शब्द हवामान खात्याने आकड्यांत बांधून ठेवलाय. सरासरीच्या उणे १९ ते अधिक १९ टक्के म्हणजे 'नॉर्मल', उणे २० ते उणे ५९ 'डेफिशिअंट', उणे ६० ते उणे ९९ 'लार्ज डेफिशिअंट', आणि उणे १०० म्हणजे सरळ 'नो रेन'. जून उणे १५ टक्क्यांवर असेल तर 'डेफिशिअंट मॉन्सून' लिहिणं चूक, लोक कितीही कुरकुरले तरी.

आणि टँकरसाठी 'शॉर्टेज'पेक्षा 'शॉर्टफॉल' घ्या. शॉर्टफॉल म्हणजे गरज वजा उपलब्ध, त्यामुळे तो आकडा मागतो आणि आकडा तुमच्याकडे आहे. जलजीवन मिशनचं ग्रामीण प्रमाण माणशी दिवसाला ५५ लिटर. ३०० माणसं गुणिले ५५ म्हणजे १६,५०० लिटर. ज्या दिवशी नळ पूर्ण बंद त्या दिवशी टँकरचे १०,००० वजा केले की शॉर्टफॉल ६,५०० लिटर. सकाळचं पाणी येत असेल तर ते मोजून तेही वजा करा, नाहीतर हिशेब तिथेच पकडला जाईल. एका घरी वीस लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते बघा, नळ किती मिनिटं चालतो ते लिहा, झालं. अशी चार-पाच घरं घ्या: एक वाहिनीच्या सुरुवातीचं, एक मधलं, बाकीची टोकाची.

घुमट
१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस ट्रॉलर बंद. तेव्हा ताटात सुंगटांचा (कोळंबीचा) ॲबसेन्स, लॅक की शॉर्टफॉल?

आमसूल
नदीतली, मानशीवरची (बांधाच्या झडपेपाशी धरलेली) मिळतात, भाव चढलेले असतात. म्हणजे शॉर्टेज. किसमूर (सुक्या सुंगटांची कोशिंबीर) करायला सुकी सुंगटंही घरात नसली तर ॲबसेन्स.

प्रतिलिपी
कोर्टकचेरीच्या कागदांत शब्दांची निवड आपल्या हातात नसते, ती ठरलेली असते. दावा 'फॉर वॉन्ट ऑफ प्रॉसिक्यूशन' निकाली निघतो. वादी तारखेला आलाच नाही आणि प्रतिवादी हजर असेल तर 'इन डिफॉल्ट'. अधिकारक्षेत्र नसेल तर 'वॉन्ट' किंवा 'लॅक ऑफ ज्युरिस्डिक्शन'. ग्राहक कायद्यात 'डेफिशिअन्सी' ही व्याख्या केलेली संज्ञा आहे, २०१९ च्या कायद्यात कलम २(११): सेवेतली उणीव, त्रुटी, अपुरेपणा. तिथे 'लॅक ऑफ सर्व्हिस' लिहिलं तर अर्थ कळतो, पण कलमाची पकड सुटते.

'ॲबसेंट' आणि 'व्हेकंट' यांची गल्लत मात्र खूप होते. माणूस नेमलेला आहे पण आला नाही, तो ॲबसेंट. माणूसच नेमलेला नाही, तर जागा व्हेकंट. एकातून दुसरं कसं होतं ते राज्यघटनेत बघा: अनुच्छेद १९०(४) प्रमाणे आमदार सभागृहाच्या परवानगीशिवाय ६० दिवस सर्व बैठकांना गैरहजर राहिला तर सभागृह त्याची जागा रिक्त जाहीर करू शकतं. (सभागृह चार दिवसांपेक्षा जास्त काळ तहकूब असेल तर ते दिवस धरत नाहीत.) तुमच्या तिसऱ्या मुद्द्यातला माणूस निवृत्त झालाय. तेव्हा 'द पोस्ट ऑफ व्हॉल्व्ह ऑपरेटर इज व्हेकंट', पुढे तारीख. 'ॲबसेन्स ऑफ व्हॉल्व्ह ऑपरेटर' लिहिलंत तर कोणीतरी आहे आणि दांडी मारतो असा अर्थ निघेल.

खाजन
तारीख आहे. जमिनीच्या कागदातलं 'नील' हेही यातलंच का? अर्जाला जोडायचं नाहीये, सहज विचारतो.

प्रतिलिपी
हो. 'नील एन्कम्ब्रन्स' म्हणजे शोधलेल्या कालावधीत त्या मालमत्तेवर बोजा नोंदलेला आढळला नाही. बोजा नाहीच, असं तो कागद म्हणत नाही. नोंदणी न झालेले व्यवहार त्यात येत नाहीत. म्हणून शोधाची वर्षं नीट वाचायची, मधली पाच वर्षं सुटली असतील तर 'नील'ला अर्थ नाही. तसंच जन्मनोंदीचं 'नॉन-अव्हेलेबिलिटी सर्टिफिकेट', नमुना १०. नोंद रजिस्टरात सापडली नाही एवढंच ते सांगतं, माणूस जन्मलाच नाही असं नव्हे.

सूक्ष्मदर्शक
प्रतिलिपींचा शेवटचा परिच्छेद लॅबच्या दारावर लावण्यासारखा आहे. 'नाही' आणि 'आढळलं नाही' यांतला फरक आमच्याकडे रोजचा.

मलेरियाच्या स्लाइडवर 'नॉट सीन' लिहितात, 'ॲबसेंट' नाही. जाड थेंबाची किमान १०० फील्ड्स (भिंगातून एका वेळी दिसणारा भाग म्हणजे एक फील्ड) ऑइल इमर्शनखाली बघितल्यावरच तसं लिहायचं. वीस फील्ड्स बघून लिहिलेला 'नॉट सीन' हा कंटाळ्याचा रिपोर्ट. यंत्रावरच्या चाचणीत 'नॉट डिटेक्टेड', कारण यंत्राला एका मर्यादेखालचं दिसत नाही. पाण्याच्या रिपोर्टात 'बीडीएल', म्हणजे शोधमर्यादेच्या खाली. ती मर्यादा किती हे शेजारी छापलेलं नसेल तर विचारून घ्या. लघवीत साखर, अल्ब्युमिन यांना 'नील' किंवा 'ॲबसेंट' चालतं, आणि त्याच्या वरची पायरी 'ट्रेस'.

वैद्यकीय शब्दांत उपसर्गच हे काम करतात. 'ॲन्युरिया' म्हणजे चोवीस तासांत १०० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी, 'ऑलिग्युरिया' म्हणजे ४०० पेक्षा कमी. गंमत अशी की 'ॲन्युरिया'त 'अन्' म्हणजे 'नाही', तरी मोजायला १०० मिलिलिटरपर्यंत सूट आहे. 'ॲनिमिया'चंही तेच. शब्दशः रक्तच नाही, प्रत्यक्षात हिमोग्लोबिन कमी: पुरुषांत १३ च्या खाली, गरोदर नसलेल्या बायकांत १२, गरोदरपणी ११. शब्द शून्याचा, अर्थ कमीचा. आपल्या 'अभाव'सारखाच ढिला.

'डेफिशिअन्सी' शरीरातल्या लागणाऱ्या घटकाची: लोह, ब-१२, जी-सिक्स-पीडी. शेवटचं तर जपून वाचायचं. त्या एन्झाइमची कमतरता असलेल्या माणसाला व्हायवॅक्स मलेरियावरचं प्रायमाक्विन दिलं तर लाल पेशी फुटू शकतात. रिपोर्टात 'डेफिशिअंट' लिहिलं असताना 'लॅक ऑफ स्ट्रेंग्थ' असलं काही भाषांतर करून अशक्तपणा म्हणून सोडून दिलं तर महागात पडेल.

खाजन, अर्जाला पाण्याचा रिपोर्ट जोडणार असाल तर एवढं करा. बाटली लॅबचीच घ्या, निर्जंतुक, आत थोडं सोडियम थायोसल्फेट असलेली. ते धुऊन टाकू नका, क्लोरीन मारायला असतं. नाहीतर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतो आणि रिपोर्ट उगाच चांगला येतो. नळाला पाइप असेल तर काढा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, बाटली वर थोडी रिकामी ठेवा, बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पोचवा. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे ई. कोलाय १०० मिलिलिटरच्या कुठल्याही नमुन्यात आढळता कामा नये. उरलेला क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर हवा. तो मात्र नळावरच, तिथल्या तिथे तपासायचा.

तारवटी
"बाटली वर थोडी रिकामी ठेवा" यावरून आठवलं. त्या रिकाम्या जागेला जहाजावर शब्द आहे: 'अलेज'. टाकीच्या वरच्या मापबिंदूपासून द्रवाच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. तळापासून मोजलं तर 'साउंडिंग'. मापबिंदूपासून तळापर्यंत १२.४० मीटर, अलेज १.६५, म्हणजे साउंडिंग १०.७५. आता १.६५ चा आकडा चुकून साउंडिंगच्या तक्त्यात बघितला की जवळजवळ भरलेली टाकी कागदावर रिकामी होते. न-असणं मोजणारा असा दुसरा शब्द मला माहीत नाही.

मालाच्या बाबतीत 'शॉर्टशिप्ड' म्हणजे चढवलाच नाही, 'शॉर्टलँडेड' म्हणजे कागदावर आहे पण बंदरात उतरला नाही. दावा कोणावर लावायचा ते या एका शब्दावर ठरतं.

आणि 'फ्री'. टाकी 'गॅस-फ्री' आहे म्हणजे नको असलेला वायू नाही. तेवढ्याने आत उतरायचं नाही. ऑक्सिजन २१ टक्के, ज्वलनशील वायू स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या १ टक्क्याच्या आत, विषारी वायू वेगळे तपासलेले, आणि हे वरच्या, मधल्या, तळच्या थरात निरनिराळं. गंजलेल्या बंद टाकीत गंजच ऑक्सिजन खातो. तिथे हवा 'ऑक्सिजन-डेफिशिअंट' असते. वास नाही, रंग नाही, माणूस शिडीवरच कोसळतो.

आमसूल
'फ्री' आणि 'लेस' यांचा फरक तारवटींनी आयताच दिला. नको होतं आणि नाही ते 'फ्री': 'पेन-फ्री', 'डस्ट-फ्री'. नुसतं नाही, किंवा हवं होतं आणि नाही, ते 'लेस': 'होमलेस', 'जॉबलेस'. 'वॉटर-फ्री व्हिलेज' लिहू नका, पूर ओसरला असं वाटेल.

खाण्याच्या पाकिटावर याला आकडा आहे. 'शुगर-फ्री' म्हणजे १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमध्ये साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नाही. 'नो ॲडेड शुगर' म्हणजे वरून घातली नाही, फळातली आहेच. आमरसाच्या डब्यावर पहिलं कधीच बसणार नाही, दुसरं बसू शकेल. आणि काजूवर 'अनसॉल्टेड' लिहायचं, 'सॉल्टलेस' नव्हे. मीठ घालण्याची क्रिया झाली नाही, म्हणून 'अन'.

जमाखर्च
काजू निघालाच आहे तर आमच्या शून्यांची जत्रा बघा. जीएसटीत कर न लागण्याचे चार प्रकार, चारही वेगळे.

'नील-रेटेड': दरच शून्य. 'एक्झेम्प्ट': अधिसूचनेने माफ. 'झीरो-रेटेड': निर्यात किंवा सेझला (विशेष आर्थिक क्षेत्राला) पुरवठा. 'नॉन-जीएसटी': माल या कायद्याच्या कक्षेतच नाही. काजूगर परदेशी पाठवले तर झीरो-रेटेड, आधी भरलेल्या कराचा परतावा मिळतो (आरएफडी-११ मध्ये हमीपत्र देऊन कर न भरता पाठवायचे, किंवा भरून परत मागायचा). माल एक्झेम्प्ट असेल तर तो परतावा विसरा, उलट सामाईक खर्चावरचं क्रेडिट नियम ४२ प्रमाणे परत करावं लागतं. आणि फेणी? पिण्याचं मद्य नॉन-जीएसटी, त्यावर राज्याचा अबकारी आणि व्हॅट. जीएसटी शून्य दिसला म्हणून फेणी करमुक्त होत नाही. जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) च्या तक्ता ८ मध्ये नील, एक्झेम्प्ट, नॉन-जीएसटी असे तीन रकाने आहेत, झीरो-रेटेड तक्ता ६ मध्ये. एका रकान्यातलं दुसऱ्यात गेलं की परतावा अडकतो.

उलाढाल शून्य असली तरी 'नील' विवरण भरायचंच. न भरल्यास दिवसाला २० रुपये.

घुमट
म्हणजे काहीच नसल्याचं सांगितलं नाही म्हणून दंड. ठणठणगोपाळाला इंग्रजीत काय म्हणतात ते आत्ता कळलं: लेट फी.

शब्दपाल्हाळ
वैशेषिकांनी अभावाला सातवा पदार्थ मानून त्याचे चार भाग पाडले, ते इथे कोणीच कसे काढले नाहीत? घडा घडण्याआधीचा तो प्रागभाव. फुटल्यावरचा प्रध्वंसाभाव. वायूत रूप कधीच नसतं तो अत्यंताभाव. घडा म्हणजे वस्त्र नव्हे हा अन्योन्याभाव. तारवटींचं शॉर्टशिप्ड आणि शॉर्टलँडेड यांत मला पहिल्या दोघांची सावली दिसते. 'बिरेफ्ट' हा इंग्रजी शब्द सरळ प्रध्वंसाचा: होतं, गेलं. 'डिव्हॉइड'ला मात्र आधी होतं की नव्हतं याची पर्वा नाही, आत्ता पूर्ण नाही एवढंच.

शिवाय दोन शब्द कामाचे आहेत. ज्याचा अभाव तो प्रतियोगी, जिथे अभाव ते अनुयोगी. 'जमिनीवर घडा नाही' यात घडा प्रतियोगी, जमीन अनुयोगी. दोन्ही सांगितल्याशिवाय अभाव कळत नाही. खाजन यांच्या पहिल्या मुद्द्यात पाणी आहे, नळही आहे, पण किती वाजता, कुठल्या घरांपर्यंत ते नाही.

व्युत्पत्तीचं एक सांगून थांबतो. 'डर्थ' हा 'डिअर'पासून, म्हणजे महाग. महाग झालं म्हणजे दुर्मिळ झालं. आणि मराठीत आपण 'पाण्याला महाग झालो' म्हणतोच! 'वॉन्ट'चं मूळ आणि संस्कृत 'ऊन', म्हणजे आपलं 'उणे', एकाच घरातले.

पाटपाणी
थांबतो म्हणाला आणि खरंच थांबला, याची नोंद घ्यावी. पण 'महाग होणे' झकास.

आमसूल
'डर्थ' अर्जात नको, भाषणात ठीक. आपल्याकडे तो 'नो डर्थ ऑफ टॅलेंट' अशा नकारातच जास्त फिरतो. 'पॉसिटी' त्याहून पुस्तकी.

उलट बाजूने बघा, मराठीचे किती शब्द इंग्रजीत जात नाहीत. पैशाची चणचण, चांगल्या माणसांची वानवा, डब्यात खडखडाट, रस्त्यावर शुकशुकाट. आणि घरातलं मीठ 'संपलं' न म्हणता 'वाढलं' म्हणायचं, हे कुठल्या इंग्रजीत सांगणार?

प्रतिलिपी
मूळ प्रश्नाकडे. पाण्याच्या संदर्भात एक शब्द धाग्यात आलाच नाही आणि अर्जांमध्ये हल्ली तोच बोकाळलाय: 'नॉन-अव्हेलेबिलिटी ऑफ वॉटर'. नोंद सापडत नाही तिथे तो योग्य, वर सांगितलंच. पण पाण्याला लावला की कोणी द्यायचं होतं हेच पुसलं जातं. 'ॲबसेन्स', 'लॅक', 'शॉर्टेज' यांतही द्यायचं कोणी ते नाही. खाजन, तुम्हाला नाम नकोच आहे, क्रियापद हवंय. 'नो वॉटर हॅज बीन सप्लाइड.' दोष ठामपणे ठेवायचा असेल तर 'फेल्युअर टू सप्लाय'. पण तो शब्द वेळापत्रक लेखी असेल तरच वापरा, कारण आधी बांधिलकी दाखवावी लागते.

पाटपाणी
वेळापत्रक लेखी मिळत नसेल तर आधी माहिती अधिकारात मागा. साधी मुदत ३० दिवस.

घुमट
आडात आहे, पोहऱ्यात नाही. म्हण उलटी झाली राव.

खाजन
सगळ्यांचे आभार. वेळापत्रकाचा कागद आहे, पण 'फेल्युअर' दुसऱ्या अर्जासाठी राखून ठेवतो. मसुदा असा:

१. नो वॉटर हॅज बीन सप्लाइड टू द ट्वेंटी-टू हाउसेस ॲट द टेल एंड बिट्वीन ५ अँड ७ पीएम फॉर द पास्ट ट्वेंटी डेज सिन्स ४ मे.
२. देअर इज अ डेली शॉर्टफॉल ऑफ ... लिटर्स. (बादलीचं माप रविवारी घेऊन आकडा भरतो.)
३. द पोस्ट ऑफ व्हॉल्व्ह ऑपरेटर हॅज बीन व्हेकंट सिन्स ... (तारीख)
४. द वॉर्ड हॅज नो पब्लिक वेल.
५. लॅक ऑफ प्लॅनिंग.

आमसूल
पहिल्यात 'फॉर' आणि 'सिन्स' एकावर एक बसलेत. 'सिन्स ४ मे' ठेवा, वीस दिवस काढा. अर्ज टेबलावर पडून राहिला तरी 'सिन्स' जुना होत नाही. पाचवा मुद्दा पूर्ण वाक्य नाही आणि त्याखाली आकडाही नाही. एकतर 'द व्हॉल्व्ह टायमिंग्ज हॅव नॉट बीन रिव्हाइज्ड' असं काही नेमकं लिहा, नाहीतर तो गाळा.

खाजन
गाळला.